दिसणे आणि दिसणे

मराठी भाषेने ‘दिसणे’ या एकाच क्रियापदावर दोन कामे सोपवली आहेत. ‘मला दिसते’ म्हटले की पाहणारे आपण असतो. ‘मी दिसतो’ म्हटले की पाहणारा दुसरा असतो. साठी उलटेपर्यंत आम्ही हे क्रियापद बिनदिक्कत वापरत आलो. त्याच्या दोन अर्थांत कधी भांडण लागेल आणि ते आमच्याच ओसरीवर लागेल, अशी कल्पना नव्हती. गेल्या वर्षी ते लागले. निमित्त झाले आमच्या धाकट्या कन्येच्या चष्म्याचे.

आमचे गुडीहत्नूर आदिलाबादच्या दक्षिणेस, नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर आहे. येथूनच एक फाटा इंद्रवेल्ली-उटनूरकडे जातो. घर न हलवता आमच्या घराण्याने निजामाचे राज्य पाहिले, १९५६ नंतरचा आंध्र प्रदेश पाहिला आणि २०१४ पासून तेलंगणही पाहतो आहोत. घरात मराठी, बाजारात तेलुगू, जुन्या दस्तऐवजांत उर्दू आणि गड्यामाणसांशी थोडी गोंडी, असा आमच्यासारख्या जुन्या घरांचा रिवाज वाचकांना नव्याने सांगायला नको. दुखण्याखुपण्याचेही तसेच. मोठे दुखणे निघाले की आमच्या घरात पहिला प्रश्न निघतो, ‘वर जायचे की खाली?’ वर म्हणजे नागपूर, खाली म्हणजे हैदराबाद. यंदाच्या प्रश्नाची अडचण अशी होती की मुळात दुखणेच नव्हते.

चष्मा आमच्या घराला नवा नाही. आम्हाला तो अकराव्या वर्षी लागला. तोवर शाळेत आमची गणना मंदबुद्धीत होत असे, कारण फळ्यावरचे गणित आम्ही शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवत असू आणि त्याचे उत्तर बहुधा चुकलेले असे. वडिलांनी आदिलाबादला नेऊन चष्मा करवला. परतताना गावाच्या फाट्यावर उतरलो आणि समोरच्या कडुनिंबाला पाने आहेत, सुटी सुटी, मोजता येतील अशी पाने आहेत, हे आयुष्यात पहिल्यांदा दिसले. तोवर झाड म्हणजे खोडावर ठेवलेला हिरवा ढीग, अशीच आमची समजूत होती. त्या दिवसापासून चष्म्याविषयी आमच्या मनात कृतज्ञता आहे. पुढे घडलेल्या प्रसंगात आमचे जे चुकले, त्याचे मूळही कदाचित या कृतज्ञतेतच असावे.

लेझरचा विचार आम्ही स्वतःसाठीही एकदा केला होता. सन २००४ मध्ये आमचे वय एक्केचाळीस होते आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे तीन. हैदराबादेत एका परिचिताचा चष्मा गेलेला पाहून आम्हीही चौकशीला गेलो. तेथील डॉक्टरांनी शांतपणे विचारले, “तुम्ही रात्री चष्मा काढून वाचता ना?” आम्ही होय म्हणालो. ते म्हणाले, “उणे तीनच्या डोळ्याला सुमारे तेहेतीस सेंटिमीटरवरचे आपोआप स्वच्छ दिसते. पुस्तक आपण साधारण तेवढ्याच अंतरावर धरतो. ही तुम्हाला निसर्गाने दिलेली देणगी आहे. लांबचा चष्मा आम्ही घालवू. पण मग चार-दोन वर्षांत जवळचा घ्यावा लागेल.” चाळिशीनंतर डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची लवचीकता कमी होत जाते, आणि लेझर काम करते ते पुढच्या पडद्यावर, आतल्या भिंगाचे वय त्याला कमी करता येत नाही. आपल्या भाषेने तर जवळच्या चष्म्याचे नावच ‘चाळिशी’ ठेवले आहे. आम्ही नमस्कार करून परत आलो. आजही रात्री चष्मा काढून वाचतो आणि त्या डॉक्टरांची आठवण काढतो.

घरातला दुसरा दाखला आमच्या मातोश्रींचा. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने १९९६ साली मुधोळला केंद्र काढले; त्याला भोसले गोपाळराव पटेल यांचे नाव आहे. मुधोळ तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. २०१६ च्या जिल्हा-विभागणीनंतर ते निर्मल जिल्ह्यात गेले. काही वर्षांनी आईचा मोतीबिंदू तेथे काढला. पट्टी सुटल्यावर तिने आधी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, “माय, इतकी म्हातारी झाले की मी!” त्यामुळे डोळ्याच्या शस्त्रक्रियेला ती मुळीच भीत नाही. पण नातीच्या लेझरची गोष्ट निघाली तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, “डोळा दुखत नाही, फुटला नाही, त्यात मोती नाही. मग त्याला हात कशाला लावता?” या विषयावर आम्ही पुढे जे जे वाचले आणि ऐकले, त्या सर्वांत एवढा नेमका प्रश्न आम्हाला आढळला नाही. दुखऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया गरज ठरवते. धडधाकट डोळ्याची माणसाला ठरवावी लागते.

आता मूळ प्रसंग. आमची कन्या पंचवीस वर्षांची, परिचारिकेचे शिक्षण घेतलेली. ती आदिलाबादच्या एका रुग्णालयात नोकरीला जाते. नंबर पाचाच्या पुढे. मागील वर्षी पैनगंगेपलीकडून एक स्थळ आले. माणसे चांगली, शेती बरी, मुलगा शिकलेला. पाहणे झाले, पोहे झाले. आठ दिवसांनी मध्यस्थ आले आणि इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, “बाकी सगळं पसंत आहे. चष्म्याचं तेवढं बघा. आजकाल लेझरनं निघतो म्हणतात.” चष्मा निघतो, हे त्यांनी भिंतीतला खिळा निघतो तसे सांगितले.

आम्हाला राग आला. ज्या गावात २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सरकारच्या ‘कंटि वेलुगू’ योजनेखाली डोळे तपासून घ्यायला लोक रांगेने उभे राहिले, फुकट मिळालेले चष्मे लावून म्हातारीकोतारी एकमेकींकडे पाहून हसली, त्याच गावात मुलीच्या नाकावरचा चष्मा मात्र वैगुण्य ठरावा! पुरुषाचा चष्मा विद्वत्तेचा, बाईचा चष्मा व्यंगाचा. सौभाग्यवतींचे मत निराळे पडले. त्या म्हणाल्या, “अहो, तत्त्वानं लग्नं जमत नाहीत. पैसे आपण देऊ. चष्मा गेला तर बिघडलं कुठे?” आम्ही निक्षून सांगितले की लोकांना बरी दिसावी म्हणून आमची मुलगी डोळ्याला शस्त्र लावून घेणार नाही. दोन्ही अर्थांचे ‘दिसणे’ असे ओसरीवर समोरासमोर आले. या सगळ्या वादात मुलगी आत भाकऱ्या थापत होती.

नकारालाही आधार हवा म्हणून आम्ही वाचायला बसलो. लेझर म्हणजे डाग देणे, जाळणे, अशी आमची अडाणी समजूत होती. ती चुकीची निघाली. डोळ्याच्या पुढच्या काचेसारख्या पारदर्शक पडद्याला पारपटल म्हणतात. तो मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, आणि डोळ्यात शिरणारा प्रकाश प्रामुख्याने तोच वळवतो. जवळचे दिसते पण लांबचे नाही अशा डोळ्यात प्रकाश दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकवटतो. पारपटलाचा मध्यभाग थोडा चपटा केला की तो मागे सरकतो. हा आकार बदलण्याची कल्पना कोलंबियातील बोगोटा येथील होसे बाराकेर यांनी १९४९ च्या सुमारास मांडली. ते पारपटलाची चकती गोठवून कातीत असत. पुढे १९८१ मध्ये अमेरिकेत आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत काम करणारे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ रंगास्वामी श्रीनिवासन यांनी, सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर एक्सायमर लेझर मारून पाहिला. आजूबाजूचा भाग मुळीच न करपता स्वच्छ खाच पडली. हा अतिनील प्रकाश रेणूंमधले बंधच तोडतो. उष्णता बाजूला पसरतच नाही. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी त्यांच्यासह हेच तंत्र पारपटलावर आणले, आणि १९९० च्या सुमारास ग्रीसमधील क्रीट बेटावर पल्लिकारिस यांनी वरचा पातळ पापुद्रा उचलून, आत लेझर देऊन, पापुद्रा परत बसवण्याची रीत रूढ केली. तीच आजची लॅसिक. श्रीनिवासन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांना २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय पदक मिळाले. उरल्यासुरल्या जेवणातून एवढे मोठे शास्त्र निघाले, हे वाचून सौ.नी शिळ्या भाकरीच्या कुटक्याविषयी जे उद्गार काढले ते येथे देत नाही.

आमच्या बहिणीच्या मुलाचीही गोष्ट याच सुमारास कळली. त्याला रेल्वेत सहायक लोको पायलट व्हायचे होते. त्या पदाला चष्मा चालत नाही म्हणून तो लेझर करून घ्यायला निघाला होता. सुदैवाने त्याने जाहिरात शेवटपर्यंत वाचली. त्या पदाला लेझर केलेला डोळाही चालत नाही. काही दारे चष्म्याने बंद होतात, काही चष्मा काढल्याने. आणि कापलेले पारपटल पूर्ववत करता येत नाही. हा दाखला आम्ही विजयी मुद्रेने घरात वाचून दाखवला.

तेव्हा कन्या हात पुसत बाहेर आली. “बाबा, मी काही बोलू का?” आम्ही म्हणालो, “बोल ना.” ती म्हणाली, “त्या लोकांना मी परवाच फोन करून सांगितलं. माझा नंबर पाचाच्या वर आहे, लेझर केलं तरी डोळा आतून तसाच लांबट राहतो, पुढे मुलांनाही चष्मा लागू शकतो. लपवून लग्न करायचं नाही. त्यांचं जे ठरेल ते ठरेल. पण लेझर मला करायचं आहे.”

आम्ही अवाक झालो. ती सावकाश सांगत गेली. वॉर्डात तोंडाला मास्क बांधला की काचांवर वाफ धरते. सुई हातात, रुग्णाची शीर समोर, आणि डोळ्यांपुढे धुके. रात्रपाळीत दोन मिनिटे चष्मा काढून तोंड धुवायचे तर तो कुठे ठेवला हे आधी पाठ करावे लागते. पावसात फाट्यावरून घरापर्यंत स्कूटी आणताना काचेवरचे थेंब पुसायचे की ब्रेक धरायचा, हा रोजचा प्रश्न. मग ती म्हणाली, “आणि नागोबाची जत्रा आठवते का तुम्हाला?”

आठवत होती. ती तेरा वर्षांची असताना पुष्य अमावास्येला आम्ही सारे केसलापूरच्या जत्रेला गेलो होतो. गर्दीत धक्का लागून तिचा चष्मा पडला आणि पायाखाली गेला. उरलेली रात्र ती आमचा हात धरून फिरली. आम्ही तिला दाखवत होतो, तो बघ पाळणा, ती बघ मेस्राम मंडळी चालली. आणि ती मान डोलावत होती. “मला काहीच दिसत नव्हतं बाबा,” ती म्हणाली, “तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी होय म्हणत होते. त्या दिवसापासून मला भीती वाटते, की चष्मा पडला तर मी कुणाचा तरी हात धरल्याशिवाय राहू शकत नाही.”

आमच्या पिढीला लिहिताना ‘आम्ही’ म्हणण्याची सवय आहे. त्यात अहंकार नाही असे आम्ही समजत आलो. पण त्या संध्याकाळी ध्यानात आले की घरातही आम्ही ‘आम्ही’च ठरवत आलो. वरपक्षाला ती कशी दिसावी याची चिंता होती, सौ.ना तिचे लग्न जमावे याची, आणि आम्हाला आमच्या तत्त्वाची. तिला काय दिसते, हे तिघांपैकी कोणीच विचारले नव्हते. दिखाऊपणाविरुद्ध लढताना आम्हीही आपण कसे दिसतो याचाच विचार करत होतो. स्वाभिमानी बापाचे दिसणे, एवढाच काय तो फरक.

मग ‘खाली’ जायचे ठरले. हैदराबादेत एका नेत्ररुग्णालयात सकाळपासून दुपारपर्यंत तपासण्या चालल्या. पारपटलाचा रंगीत नकाशा काढला. गावाच्या नकाशात टेकड्या-घळी दाखवतात तसाच तो, फक्त विस्तार एका फुटाण्याएवढा. जाडी मोजली. अश्रू पुरेसे आहेत का पाहिले. बाहुली विस्फारून दृष्टिपटल पाहिले, कारण मोठा उणे नंबर असलेल्यांचे दृष्टिपटल ताणलेले असते. ते फाटण्याचा धोका लेझरने कमी होत नाही. चष्मा गेला तरी ही तपासणी सुटत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावले.

मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला. पारपटलाची जाडी ५०५ मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित वर. वरचा पापुद्रा ११०. प्रत्येक नंबरामागे साधारण १४ मायक्रॉन घटतात. साडेपाच नंबराचे ७७. खाली उरतात ३१८. किमान २५० तरी उरावेत, आम्ही ३०० पाहतो. म्हणजे जमेल, पण ऐसपैस नाही. पारपटल मुळात कमकुवत असेल तर ते पुढे शंकूसारखे फुगू शकते. म्हणून नकाशा इतका बारकाईने पाहतात. त्यांनी विचारले, “डोळे चोळता का?” कन्येने मान खाली घातली. कापसाच्या हंगामात आमच्या घरी कोण चोळत नाही! अंगणात कापूस, हवेत कापूस, पापणीत कापूस. “ते आजपासून बंद,” डॉक्टर म्हणाले.

पर्यायही त्यांनी सांगितले: पापुद्रा न उचलता पृष्ठभागावरच लेझर देण्याची जुनी रीत, जिच्यात काही दिवस दुखते आणि दृष्टी सावकाश येते, लहानशा छेदातून आतली चकती काढण्याची नवी रीत, आणि पारपटल पातळ असेल तर डोळ्याच्या आत भिंग बसवणे. तोटेही तितक्याच मोकळेपणी सांगितले. काही महिने डोळे कोरडे वाटतात, क्वचित जास्त काळ. रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. हे ऐकून आमच्या डोळ्यांपुढे आमचा हमरस्ता आणि समोरून येणारे ट्रक उभे राहिले. चाळिशी चुकणार नाही. आणि पुढे म्हातारपणी मोतीबिंदू काढायची वेळ आली तर भिंगाचा हिशेब बरोबर यावा म्हणून आजचे हे कागद जपून ठेवायचे.

सगळे सांगून झाल्यावर त्यांनी जुन्या चष्म्याची चिठ्ठी मागितली. दीड वर्षापूर्वी नंबर पावणेपाच होता, आता साडेपाच. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. “अजून वाढतो आहे. किमान वर्षभर स्थिर राहायला हवा. आज मी करणार नाही. वर्षाने या.” पैसे घेऊन काम करणाऱ्याने पैसे समोर असताना ‘आज नाही’ म्हणावे, हे आम्ही आयुष्यात फार थोड्यांदा ऐकले आहे. २००४ मध्ये एकदा, आणि आता एकदा. अशा निर्णयात होकार देणारे पुष्कळ भेटतात. नकार देणारा भेटला तर त्याच्याकडेच परत जावे, एवढे शहाणपण आम्ही वाचकांच्या पदरात घालतो.

वर्षभरात बरेच घडले. पैनगंगेपलीकडच्या मंडळींनी ‘मुलाला इतक्यात करायचं नाही’ असा निरोप पाठवला आणि तीन महिन्यांनी त्याचे लग्न केले. सौ. दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “सुटलो.” कन्या डोळे चोळत नाही, ओल्या फडक्याने टिपते. मातोश्री मात्र अजून तेच विचारतात, “डोळा दुखत नाही ना?” आणि नात उत्तर देते, “आजी, डोळा दुखत नाही, चष्मा दुखतो.” म्हातारीला हे उत्तर पटलेले नाही. पण हल्ली ती विचारते तेव्हा नातीच्या नाकावरचे दोन लाल वळ बोटाने चाचपून पाहते.

पुढल्या महिन्यात वर्ष पुरे होते. परवा आदिलाबादला नंबर तपासला, तो साडेपाचच निघाला. हैदराबादचे डॉक्टर पुन्हा मोजतील. कदाचित होय म्हणतील, कदाचित आणखी थांबवतील. आमचे मत विचाराल तर आम्हाला अजूनही भीती वाटते. अर्ध्या मिलिमीटरच्या पडद्यावर मुलीचे भविष्य तोलून धरायचे, हे बापाच्या हिशेबात बसत नाही. परंतु तो पडदा तिचा आहे, आणि त्यामागून पाहायचे आहे तेही तिनेच.

काल रात्री जेवताना तिने विचारले, “बाबा, सोबत याल ना? बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले की मला तासन्‌तास नीट दिसत नाही. परत आणायला कुणीतरी हवं.” करू की नको, हे तिने विचारले नाही. आम्ही म्हणालो, येतो. केसलापूरच्या जत्रेत तिचा हात धरला होता तेव्हा आम्ही दाखवत होतो आणि ती होय म्हणत होती. या खेपेस तिने काही दाखवले तर होय म्हणण्यापूर्वी नीट पाहावे, असे ठरवून आम्ही चष्मा पुसला आणि जागेवर ठेवला.